हळद लागलेली बिसात

त्या दौलतरावाला कुणीतरी एकदा स्पष्ट सांगा, की बिसात म्हणजे हात पुसायचं फडकं नव्हे. तंबाखू चोळून झाली, की उरलेला चुना माझ्या कोपऱ्याला पुसतो. समोरच्याने चांगली चाल केली, की आपली आधीची चाल माघारी घेतो आणि वर म्हणतो, "थांब रे, म्या नुसता हात लावून पाह्यला." नुसता हात! इतकी वर्षं झाली, याचा हात नुसताच लागतो.

मित्रांनो, मी एक जुनी बिसात आहे. बिसात म्हणजे बुद्धिबळाचा कापडी पट. तुम्हाला मित्र म्हणते खरी, पण वयाने आणि मानाने मी तुमची आजी लागते, हे ध्यानात असू द्या. मला अक्षर येत नाही. पण आठ उभ्या आणि आठ आडव्या रांगांची चौसष्ट घरं मी अंगावर वागवते, त्यामुळे या खेळात कुणाच्या पायाखाली काय चाललं आहे ते मला जितकं ठाऊक, तितकं खेळणाऱ्यालाही नसतं.

माझा जन्म रागातून झाला. रिसोडच्या अलीकडच्या एका गावात दौलतरावाचं घर. हा आपल्या मायच्या, म्हणजे गोजराबाईच्या, नुकत्या सारवलेल्या ओसरीवर कोळशाने रेघा ओढून शालिग्रामशी बुद्धिबळ खेळायचा. शालिग्राम म्हणजे शेजारचा, याचा लहानपणापासूनचा दोस्त आणि तितकाच जुना वैरी. एका दुपारी गोजराबाईने त्या रेघा पाहिल्या आणि तिचा पारा चढला. "माह्या जमिनीचं वाटोळं करून राह्यला! किती घरं पाह्यजेत तुले? सांग, शिवून देतो."

वऱ्हाडात बायाही "देतो" म्हणतात, त्यात हसण्यासारखं काही नाही. तिने कारंज्याहून आणलेला मांजरपाट घेतला, पोटात स्वतःचं जुनं लुगडं घातलं आणि गोधडीला घालतात तसे काळ्या दोऱ्याचे टाके घालून घरं पाडली. त्या लुगड्यामुळेच माझी जीभ अशी आहे. ज्या बाईने ते नेसून घर हाकलं, शेत हाकलं आणि माणसंही हाकलली, तिचा स्वभाव कापडात उतरणारच.

माझ्यात एकच उणीव राहिली. बुद्धिबळाच्या पटावर एक घर पांढरं, एक काळं असावं लागतं. दौलतरावाने ते मायला सांगितलंच नाही. कोळशाच्या रेघांत खेळणाऱ्याला रंग कुठून आठवणार? मी आपली सगळी एकरंगी, साध्यासुध्या पांढऱ्या पटकुरासारखी.

मोहरे पुंजाजी सुताराने बाभळीचे करून दिले. निम्मे तसेच ठेवले, निम्म्यांना काजळी आणि तेल चोपडलं. पण पांढरा वजीर कधीतरी म्हशीच्या गव्हाणीत पडला, तो पुन्हा दिसला नाही. म्हशीला विचारायची सोय नव्हती. तेव्हापासून वजिराच्या जागी दौलतराव आपल्या चंचीतली एक गोल सुपारी ठेवू लागला. सुपारीला वजीर म्हणायचं, आणि सगळ्यांनी ते गुमान मान्य करायचं.

माझे ते दिवस मानाचे होते. उन्हाळ्यात शेतं मोकळी, माणसं मोकळी. दुपार झाली की मला ओसरीवर अंथरायचे आणि भोवती गावातली शहाणी मंडळी बसायची. खेळणारे दोन, खेळवणारे दहा. पण त्या मानाबरोबर भांडणंही आली. घरांना रंग नसल्यामुळे तिरपा चालणारा उंट मध्येच भलत्या घरात उतरायचा, आणि "हा तिथं कसा गेला बे?" म्हणून तंटा व्हायचा. त्यात शालिग्राम कारंज्याला जाऊन आला आणि नवंच सांगू लागला, की प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं. दौलतराव म्हणाला, "कारंज्याचं प्यादं जात असंन. आपल्या गावातलं एकच घर जाते."

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी मात्र हद्द झाली. दौलतरावाने घोडा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. शालिग्राम म्हणाला, "आता नाई देत." दौलतराव म्हणाला, "पाह्यतोच कसा नाई देत." एकाने मला या टोकाला धरलं, दुसऱ्याने त्या टोकाला, आणि माझा कोपरा उसवला. मोहरे अंगणात उडाले. राजा कोंबडीच्या पुढ्यात जाऊन पडला.

गोजराबाई तेव्हा शेणाची बादली घेऊन बाहेर येत होती. सणासाठी घर सारवायचं होतं आणि तिला पोतेरं सापडत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, ती नजर मी विसरणार नाही. ज्या हातांनी मला शिवलं, त्याच हातांनी तिने मला उचललं आणि बादलीवर धरलं. खाली शेण. ओलं, हिरवं, ताजं.

"माय, नको वं!" दौलतराव ओरडला.

"काहून नको? घरात रोज कुत्र्यावानी भांडता या फडक्यापायी. पोतेरं झाली तं जमीन तरी सारवंन."

"माय, खेळ चांगला हाय. हा शाल्या खराब हाय."

"काकी, म्या कारंज्याचा कायदा सांगून राह्यलो फक्त," शालिग्राम म्हणाला.

गोजराबाईने मला बादलीवरून बाजूला घेतलं, पण खाली ठेवलं नाही. "चांगला हाय म्हनतं ना? मंग शिकव मले. आत्ता. मले समजला तं ठेवीन, नाई समजला तं शेणात."

आणि ती पदर खोचून माझ्यासमोर बसली. बादली शेजारीच. दौलतरावाला घाम फुटला. मलाही फुटला असता, पण मी कापड पडले.

त्याने मोहरे गोळा करून मांडले. दोन्ही कोपऱ्यांत हत्ती, त्यांच्या शेजारी घोडे, घोड्यांच्या शेजारी उंट, मधोमध राजा आणि वजीर. या सगळ्यांच्या पुढे आठ प्यादी. समोरच्या बाजूलाही तशीच फौज. पहिली चाल पांढऱ्याची, मग काळ्याची, मग एक याची एक त्याची.

"हत्ती सरळ जाते, माय. उभा नाई तं आडवा. वाटेत कोणी आलं की थांबते. दुश्मन असला तं त्याले मारून त्याच्याच घरात बसते."

"तुह्या बापावानी," गोजराबाई म्हणाली. "पुढं."

"उंट तिरपा जाते. कितीबी घरं, पण तिरपाच."

"तिरपा कसा कळंन? सारी घरं सारखी दिसतात."

"तेच तं म्या रोज बोंबलून राह्यलो," शालिग्राम म्हणाला. "घरं रंगवा लागतात, काकी. एक सोडून एक. उंट ज्या रंगावर असते, जलमभर त्याच रंगावर राह्यते."

"आन् हे तुमी मले आज सांगून राह्यले!" ती उठली. मला वाटलं, गेले मी शेणात. पण ती स्वयंपाकघरात गेली आणि वाटीत हळद कालवून आली. मोहरे बाजूला सारले आणि बोट बुडवून एकाआड एक घर पिवळं केलं. आणि कोपरा दाखवून म्हणाली, "पांढरं घर उजव्या हाताले ठेवू का डाव्या?"

"उजव्या," दोघंही एकदम म्हणाले. वर्षानुवर्षांत त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

शेण लागायचं, त्या अंगाला हळद लागली. मी नवरीसारखी पिवळी होऊन बसले.

मग घोडा आला. दोन घरं सरळ, मग एक घर बाजूला वळायचं, आणि मध्ये कोणी असेल तर त्याच्या डोक्यावरून उडी. "हा एकटाच उडते, माय. बाकी कोनाले उडता येत नाई."

वजीर सरळही जातो आणि तिरपाही, मन मानेल तितकी घरं. राजा कोणत्याही बाजूला जातो, पण एकच घर.

"राजा असून एकच घर?"

"हाव. पण तो मेला की खेळ संपला. म्हंजे मारत नाईत त्याले. नेम धरला की 'शह' म्हनतात. सुटाले जागाच नसली, मधात कोणी घालता येत नसलं, आन् नेम धरनाऱ्याले मारताबी येत नसलं, तं मात."

"आन् हे बारके?"

प्यादी समोर एक घर जातात, मारतात मात्र तिरपी, आणि मागे कधीच येत नाहीत. पहिल्या चालीला एक घर की दोन, यावर दोघं पुन्हा पेटले. गोजराबाईने हात वर केला. "पह्यल्या चालीले दोन बी जाऊ द्या. घरून निंगते तवा माणूस तरतर चालते, मंग ऊन लागते. पुढं?"

"पुढं, प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं, तं त्याचा वजीर होते."

तिने एक प्यादं उचलून हातात घेतलं. मानोऱ्याकडून नवी सून म्हणून आली तेव्हा या घरात तिला चुलीजवळही बसायला जागा नव्हती, हे माझ्या पोटातल्या लुगड्याला ठाऊक आहे. "होईन ना," ती म्हणाली. "म्या बी तसंच केलं. पुढं?"

पुढचं सांगताना दौलतरावाला मोठेपणा मिरवायचा होता. "आन् सगळ्यात मोठा कायदा, माय. हात लावला तो मोहरा चालवाच लागते. चालवला की माघार नाई."

शालिग्रामला ठसका लागला.

"म्हंजे भाकर तव्यावर टाकली की परातीत येत नाई तसं," गोजराबाई म्हणाली. "चांगला कायदा हाय. आता मांड. तू पांढरे घे, म्या काळे घेईन. शाल्या पाह्यत बसंन. एक चाल माघारी घेतली का, दौलत्या, ही बिसात शेणात. तुह्या कायद्यानं."

डाव सुरू झाला. पहिल्या काही चालींत तिने दोन प्यादी फुकट दिली. दौलतराव खुशीत आला. राजा कोपऱ्यात नेऊन दोन प्याद्यांमागे लपवला. खुशीत आला की याला पान लागतं. चंची उघडली, अडकित्ता काढला, डोळे माझ्यावर, विचार पुढच्या चालीचा, आणि हात आपोआप गेला तो सुपारीवर. चंचीतल्या नव्हे. माझ्यावरच्या.

कडक्कन आवाज झाला. वजिराची दोन खांडं झाली. एक तोंडात गेलं.

शालिग्रामचे डोळे मोठे झाले. नेमकी तेव्हाच म्हैस हंबरली आणि गोजराबाई "आली वं" म्हणत गोठ्याकडे गेली.

"अबे," शालिग्राम कुजबुजला, "चंचीतली दुसरी ठेव. सारख्याच हायेत. काकीले काय समजते?"

दौलतरावाचा हात चंचीत गेला. सुपारी बोटांत आली. मित्रांनो, ती सुपारी माझ्यावर ठेवली असती तर मायला खरंच काही कळलं नसतं. आयुष्यभर चाली माघारी घेणाऱ्याला ही एक चाल काय जड? त्याने बादलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, हळदीकडे पाहिलं. आणि हात रिकामा बाहेर काढला.

गोजराबाई परत येऊन बसली. "वजीर कुठं गेला तुहा?"

"गेला."

"म्या तं मारला नाई. कोनं मारला?"

"म्या खाल्ला, माय."

गोजराबाईने त्याच्या हलत्या गालाकडे पाहिलं. "अख्खा?"

"अर्धा. अर्धा हाय." त्याने दुसरं खांड तळहातावर दाखवलं.

"तोबी खाऊन टाक. माघार नाई."

त्याने खाल्ला. शालिग्राम हसून हसून खांबाला टेकला. वजिरावाचून दौलतरावाची फौज पोरकी झाली. गोजराबाईने हत्ती सरळ रेटत शेवटच्या रांगेत नेऊन उभा केला. "शह. आता कुठं जाते तुहा राजा?"

राजा कोपऱ्यात, समोर त्याचीच दोन प्यादी, आडव्या रांगेत हत्तीचा नेम. मध्ये घालायला कुणी नाही, हत्तीला मारायलाही कुणी नाही. शालिग्रामने वाकून पाहिलं. "काकी, मात झाली!"

"झाली का? बरं झालं. सारवायचं राह्यलं माहं." ती उठली, दांडीवरचं दौलतरावाचं जुनं धोतर ओढलं आणि बादलीत बुडवलं.

त्याला बरीच वर्षं झाली. हळद धुतली की फिकी होते, गोजराबाई ती पुन्हा लावते. उसवलेला कोपराही तिनेच शिवला. नवा वजीर अजून सुपारीचाच आहे, पण ती सुपारी आता गोजराबाई कडुलिंबाच्या रसात बुडवून ठेवते. दुपारी डाव बसला की पहिली जागा तिची असते. मित्रांनो, तुम्हीही खेळाल तेव्हा मला टाक्यांवरून घडी घाला, मोहरे मोजून पिशवीत भरा आणि म्हशीपासून लांब ठेवा. जो मोहरा उचललात त्याला पुढे न्या. हरलात तर कापड ओढू नका.

आज दुपारी दौलतराव पुन्हा आला, मला अंथरलं आणि बोटाचा चुना पुसायला माझा कोपरा धरला. तेव्हा मात्र माझ्याने राहवलं नाही. त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण मी मोठ्याने म्हणाले, "दौलत्या, स्वतःचा वजीर खाणारा खेळाडू या मुलखात तुह्याशिवाय नाई. पण खाल्ला म्हनून सांगणाराबी तूच. म्हनून तुले अजून माह्यावर बसू देतो. मांड मोहरे. आन् आधी हात धुऊन ये."