एवेलियोसाठी कोण बोलणार?

“नाही म्हणू नकोस. तुझ्याशिवाय दुसरं कोणी नाही,” मिर्ता म्हणाली.

मिर्ता आमच्या युनियनची सेक्रेटरी. आपण हळू बोलतोय असा तिचा समज होता, पण तिचं हळू म्हणजे दुसऱ्याची आरोळी. अंत्यविधीगृहातल्या डुलत्या खुर्च्या एकदम थांबल्या आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. पेटीच्या काचेखाली एवेलियो शांत पडला होता. त्याला काय, त्याची ड्युटी संपली होती.

“अगं, मला चार माणसांत स्वतःचं नाव सांगता येत नाही,” मी म्हटलं.

“एकोणीस वर्षं पाण्याच्या पंपावर त्याच्या शेजारी बसलीस. मी बोलले असते, पण मला येऊन तीन वर्षं झाली. लोक शेण घालतील तोंडात. तीन वाजता निघायचंय, अजून चार तास आहेत तुला.”

आमच्या गावात माणसाला न बोलता पुरत नाहीत. पेटी थडग्यापाशी आली की कोणीतरी पुढे होतो आणि मेलेल्याविषयी बोलतो. पाद्री असो वा नसो, ते बोलणं झालंच पाहिजे. ज्याच्यासाठी कोणी बोललं नाही त्याच्या घरच्यांकडे लोक वर्षानुवर्षं कीव करून बघतात. अठ्ठावीस वर्षं हे काम एवेलियोचं होतं. पाणीपुरवठ्यातली माणसं, साखर कारखान्यातली, शेजारपाजारची, ज्यांचं कोणी नाही तीही. इस्त्रीचा पांढरा ग्वायाबेरा सदरा घालून तो उभा राहायचा आणि खणखणीत बोलायचा. काल दुपारी तो अंगणात लिंबाला पाणी घालताना पडला, आणि आता त्याच्यासाठी बोलायला माणूस नव्हता. मुलगा लांब दुसऱ्या देशात, त्याला यायला जमणार नव्हतं. राहिले मी.

मी भित्री आहे, हे अख्ख्या सान्ता इनेसला ठाऊक आहे. एका वार्षिक सभेत मी हात वर केला होता. दोन नंबरच्या पंपाचं बेअरिंग गेलंय, एवढंच सांगायचं होतं. उभी राहिले, शंभर डोकी वळली, आणि माझी बोबडी वळली. तोंड उघडं, आवाज नाही. अध्यक्ष म्हणाले, “बसा, कॉम्रेड, बसा, पाणी प्या,” आणि सगळे हसले. महिन्याभरात बेअरिंग तुटलं. आठ दिवस गाव विहिरीवरून बादल्या वाहत होतं, बायका डोक्यावर कॅन घेऊन माझ्या दारावरून जायच्या. मी खिडकी बंद करून बसायचे.

तेव्हा एवेलियो म्हणाला होता, “पुढच्या वेळी मला सांगत जा. मी बोलत जाईन.” आणि त्यानंतर तसंच झालं. बेअरिंग, पगारवाढ, पंपघराचं गळकं छप्पर, माझी रजासुद्धा. मी त्याच्या कानात सांगायचे आणि तो सभेत बोलायचा. इतकी वर्षं माझं तोंड दुसऱ्याच्या चेहऱ्यावर होतं, आणि मला त्याची लाजही वाटेनाशी झाली होती.

मग प्रत्येकजण उपाय घेऊन आला. एवेलियोच्या चुलतबहिणीने टिलोच्या फुलांचा काढा आणला. “घे, घोडासुद्धा शांत होतो याने.” मिर्ता म्हणाली, लोकांच्या डोक्यावरून लांब बघायचं, एखादं झाड धरायचं नजरेत. दारातला कॉफीवाला म्हणाला, जिभेखाली मिठाचा खडा ठेव. कोणी म्हणालं मुठी आवळ, कोणी म्हणालं मुठी सोड. तीन कप काढा पोटात गेला, त्याने मन काही शांत झालं नाही, पण पळापळ मात्र सुरू झाली. संडासात नळाला पाणी नाही. असणार कुठून? पंप चालवणारे सगळे इथे डुलत बसलेले.

तिथून बाहेर आले तर नेरेइदा उभी होती, एवेलियोची बायको. रडून डोळे सुजलेले, पण हात स्थिर. हातात शाळेची जाड वही.

“घे, पोरी. यात सगळं आहे. मला कधी हात लावू दिला नाही मेल्याने,” ती म्हणाली, आणि आपण मेला म्हणालो हे लक्षात येऊन तिने तोंडावर हात धरला. आम्ही दोघी क्षणभर हसलो. मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून किती तरी वेळ रडली. “त्याला मुक्याने नेऊ नका गं,” एवढंच म्हणत होती.

मी वही घेऊन मागच्या पायरीवर बसले. पाय सुजले होते, ते बुटातून बाहेर काढले. पानापानावर एकेक माणूस. वर नाव, खाली भाषण. मी माझं पान आधी शोधलं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. रिगोबेर्तो जाऊन अकरा वर्षं झाली. एवेलियो त्याच्याविषयी एक वाक्य बोलला होता, ते मी उशाशी ठेवल्यासारखं जपलंय. “या माणसाचा आवाज स्वतःच्या घरात कधी चढला नाही.” खरं होतं ते. रिगोबेर्तो तसाच होता, आणि ते फक्त एवेलियोच्या लक्षात आलं होतं, असं मी इतकी वर्षं मानत होते.

वाक्य पानावर होतं. त्याच्या आधीच्या पानावरही होतं. त्याच्याही आधीच्या. मी पानं उलटत गेले. कष्टाळू कामगार, चांगला शेजारी, कोणाला नाही म्हटलं नाही, आवाज कधी चढला नाही. सगळ्यांना तेच. खाटीक तिमोतेओलासुद्धा, ज्याच्या बायकोच्या किंकाळ्या पलीकडच्या गल्लीत ऐकू जायच्या. फक्त नाव बदलायचं आणि काम बदलायचं.

मला असा संताप आला की वाटलं, आत जावं, काच उघडावी आणि त्याला जाब विचारावा. अरे बाबा, मी त्या एका वाक्यावर अकरा वर्षं काढलीत.

वही फेकणार होते, तेवढ्यात समासात पेन्सिलीने लिहिलेल्यावर नजर गेली. बारीक, घाईघाईतलं अक्षर. “इथे श्वास घे.” “गुडघे. हाराचा स्टँड धर.” “काल रात्री झोप नाही.” “घराबाहेर पडण्यापूर्वी दोनदा उलटी.” “आज जमणार नाही असं वाटतंय.” शब्द सगळीकडे तेच होते, पण समास दर पानाला वेगळा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, अठ्ठावीस वर्षं. शेवटचं पान गेल्याच महिन्यातलं, शिंपीणबाई ओबदुलियाचं. तिथे लिहिलं होतं, “अजूनही भीती वाटते. आता काय जाणार!”

मी परत रिगोबेर्तोच्या पानावर आले. समासात माझ्याविषयी लिहिलं होतं, “एडेलमिराकडे बघायचं नाही. ती रडली की आपण संपलो.”

एकोणीस वर्षं, आठवड्याला सहा दिवस, एका बाकावर. त्याच्या डब्यातला भात मी खाल्लाय, माझ्या थर्मासमधली कॉफी त्याने प्यायली आहे. आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

तीनची गाडी साडेचारला आली. पेट्रोल कुठून तरी मागून आणावं लागलं. आम्ही मागून चालत गेलो, ऊन डोक्यावर घेऊन, सगळे घामाघूम आणि दमलेले. दफनभूमीत मिंगो आणि त्याची माणसं थडग्यावरची शिळा सरकवून तयार होती. मिंगो तिथला जुना खोदणारा. चौघांनी पेटी दोरांवर घेतली, कडेला टेकवली, आणि गर्दीने अर्धवर्तुळ केलं. मध्ये मोकळी जागा राहिली ती माझी होती.

मी पुढे झाले. काय सांगू काय झालं! कानात पंप सुरू झाल्यासारखा आवाज. हाराचा स्टँड धरला तर तोच थरथरायला लागला, रिबीन फडफडली. झाड बघू गेले, ते दिसेना. मग वहीत बघून वाचायला लागले.

“कॉम्रेड्स आणि मित्रहो, आज आपण निरोप देतोय एका… एका…”

अक्षरं डोळ्यांतल्या पाण्यात गेली. मी थांबले. मुलं चुळबुळ करायला लागली, मागे कोणी तरी म्हणालं, “गेली बिचारी.”

“एका कष्टाळू कामगाराला,” मिंगो दोर धरल्याधरल्या म्हणाला. “पुढे चांगला शेजारी येतं, बाई.”

“मग कोणाला नाही म्हटलं नाही,” गर्दीतून आणखी कोणी तरी म्हणालं.

लोक हसले. नेरेइदासुद्धा. सगळ्यांना पाठ होतं की! सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मीच एक वेडी. आपापल्या माणसाचं ते वाक्य प्रत्येकाने घरी नेलं होतं आणि तेच शेजाऱ्यालाही मिळालंय हे कोणी कोणाला बोललं नव्हतं.

मी वही मिटली.

“ते त्याने तुम्हाला सांगितलंय,” मी म्हटलं. आवाज फाटका निघाला. “मला दुसरं सांगायचंय. एवेलियो घाबरायचा. तुम्हाला सगळ्यांना. दर वेळी उलटी व्हायची त्याला. यात लिहिलंय. आम्ही समजत होतो हा जन्मतःच बोलका. बोलका कसला… माझ्यासारखाच होता. मी घाबरले म्हणून गप्प बसले, गावाला आठ दिवस पाणी नव्हतं. तो घाबरला तरी आला. तुमच्या वडिलांसाठी आला. तुझ्या आईसाठी आला, मिंगो. माझ्या रिगोबेर्तोसाठी आला. दर वेळी आला.”

या वेळी कोणी हसलं नाही. मिंगोने खांद्याला डोळे पुसले, कारण हात दोरावर होते.

आता एकच वाक्य राहिलं होतं. घरच्यांच्या वतीने आलेल्यांचे आभार मानायचे. ते बोलणाऱ्यानेच म्हणायचं असतं, आणि ते म्हटल्याशिवाय कोणी हलत नाही, दोर सुटत नाहीत. म्हटलं की संपलं. पेटी खाली, शिळा वर, आणि उद्या सकाळी सहाला पंपघरात मी आणि रिकामा बाक.

मी ते म्हणेना. भीतीने नव्हे. त्या क्षणी मला कोणाची भीती वाटत नव्हती, ही एक नवलाचीच गोष्ट. मला नुसतं म्हणायचं नव्हतं. माणसं उन्हात उभी होती, म्हातारे या पायावरून त्या पायावर भार देत होते, चौघांचे दंड ताठले होते. मिर्ता डोळ्यांनी खुणा करून थकली. कोणी कुरकुर केली नाही.

शेवटी नेरेइदा माझ्याजवळ आली. माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाली, “म्हण, पोरी. लोक दमलेत.”

“एवेलियोच्या कुटुंबाच्या वतीने,” मी म्हटलं, “आपणा सर्वांचे मनापासून आभार.”

इतका वेळ अडखळणारा आवाज या वाक्याला मात्र स्वच्छ निघाला, पार फाटकापर्यंत ऐकू गेला असेल. मिंगोने दोर सोडायला सुरुवात केली. लोकांनी टोप्या डोक्यावर घातल्या आणि एकेक करून घरी निघाले.