कपाळ टेकायचा खांब

माझ्याकडं पाठ करून बसलात तरी चालेल, सगळे तसेच बसतात. खांबाचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली हे माणसाला कळत नाही, त्यामुळं मला रागही येत नाही. बेळगुंदीच्या एका शेतकऱ्याच्या सोप्यातला, म्हणजे पुढच्या ओसरीतला, मी खांब. इतकी वर्षं ऐकत आलो, आज जरा बोलतो.

मूळचा मी फणस, खानापूरकडचा. फळं कमी झाली आणि माझ्यावर कुऱ्हाड पडली. प्लेगात ओस पडलेलं गाव पुन्हा भरलं, तेव्हा ज्योतिबाआप्पांनी हे घर बांधायला काढलं. बैलगाडीतून मला आणलं, सुतारानं तासलं, दगडावर उभं केलं. तेव्हापासून तुळई माझ्या माथ्यावर आहे. वर भिजलेली कौलं, माळ्यावर भाताची पोती, तरी मी कधी हललो नाही. गर्व होता मला त्याचा, खोटं कशाला बोलू? काटा रुतला म्हणून ओरडणाऱ्या माणसांचं हसू यायचं.

तो गर्व उतरवला ज्योतिबांच्या मुलानं, रवळूनं. भाताचं पोतं एका दमात माळ्यावर टाकणारा गडी. लग्न झालं, मुलं झाली. आणि एका सुगीत, मळणी आटपून, हातपाय धुऊन तो सोप्यात आला. दिवेलागणीची वेळ. अचानक त्यानं उजवा डोळा तळहातानं दाबला. डोळा लालबुंद झाला, फक्त त्याच डोळ्यातून पाणी वाहायला लागलं, पापणी खाली उतरली. मग तो चालायला लागला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बसवेना, निजवेना. शेवटी माझ्याजवळ आला, उजवं कानशील माझ्यावर टेकलं आणि सगळा जीव एकवटून दाबलं. वादळात न हललेला मी, पण त्या दिवशी पायाखालच्या दगडापर्यंत मला कंप जाणवला.

थोड्या वेळानं ते ओसरलं आणि तो मुकाट जेवायला बसला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. संक्रांतीपर्यंत रोज, आणि मग आलं तसं गेलं. पुढच्या सुगीला परत हजर.

डोकेदुखी गावाला नवी नव्हती. शेजारच्या अंबुबाईला अर्धशिशी होती. डोकं उठलं की बिचारी कपाळाला फडकं आवळून अंधाऱ्या खोलीत निपचित पडायची. पडून राहणारं दुखणं लोकांना कळत होतं. रवळूचं हे फिरणं, डोलणं कुणाला कळेना. त्याच्या बायकोनं, मनुबाईनं, सुंठीचा लेप लावला, नाकात तूप सोडलं. कुणी विळा तापवून कानशिलावर डाग दिला. डाग राहिला, दुखणंही राहिलं.

मग भावकू आला. देवापुढं गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. त्यानं लाल डोळा बघितला, ठरलेली वेळ ऐकली आणि हातच जोडले.

"दुखणं न्हवं हे. रवळनाथ आलाय अंगात. येळ तरी चुकवतोय काय बघा!"

"देव न्हाय वो मामा," मनुबाई म्हणाली. "दुखतंय त्येंला. लई दुखतंय."

"गप गं. देवाला दुखणं म्हनतीस?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून सोपा भरायला लागला. रवळू माझ्यावर डोकं दाबतोय आणि समोर नारळांची रास! कुणाची म्हैस हरवलेली, कुणाची सोयरीक अडलेली. तो "आई गं" म्हणाला की भावकू त्याचा अर्थ सांगायचा. मलाही सोडलं नाही. हळद, कुंकू, वर तेल. माझ्या अंगावर असा बुळबुळीत थर चढला की रवळूचं कपाळ टेकलं की घसरायचं. त्या माणसाला आधार म्हणून मी एकटा होतो, आणि तोही त्यांनी पूजा करून काढून घेतला.

एका संध्याकाळी अंबुबाई आली. कडेवर मुलगा, अंग तापलेलं, श्वास घेताना घशातून शीळ वाजत होती. ती दवाखान्यात न्यायचं म्हणत होती, सासरा आधी कौल घेऊ म्हणत होता. भावकूनं गाऱ्हाणं सुरू केलं. रवळूच्या कानशिलाचे ठोके मला लागत होते. त्या दिवशीचा जोर भयंकर होता. अशा वेळी त्याला मनुबाईची हाकसुद्धा ऐकू येत नसे.

पण त्या पोराचा श्वास त्याला ऐकू आला. तो वळला.

"म्या देव न्हाय!" तो ओरडला. "डोळा फुटतोय माजा... देव न्हाय म्या! गाडी जुंपा. पोराला आत्ताच्या आत्ता बेळगावला दवाखान्यात न्या!"

आणि परत माझ्यावर कोसळला.

भावकूनं जमिनीला कपाळ टेकलं. "देवानं कौल दिला! गाडी जुंपा रं!"

मी थक्क झालो. देव नाही हे त्यानं सांगितलं, आणि तेच देवाचं बोलणं ठरलं. पण त्याहून थक्क झालो रवळूपुढं. मी ओझं पेलतो तेव्हा दुसरं काही करत नाही. डोक्यात एवढं घेऊन दुसऱ्याच्या लेकराकडं वळायला जे लागतं, ते लाकडात नसतं.

पोर वाचलं. मग काय विचारता! पार कंग्राळीपासून लोक यायला लागले. रवळू खचला. "आता मेलो तरी कुनाला खरं वाटायचं न्हाय," तो मनुबाईला म्हणाला.

अशा भरल्या सोप्यात अंबुबाई पुन्हा आली. नवस फेडायला आली असंच सगळ्यांना वाटलं. हातात नारळ नव्हता, ओलं फडकं होतं. पदर खोचून ती सरळ पुढं आली, माझ्यावरचं तेल-हळद खसाखसा पुसून काढलं, रवळूच्या डोळ्यांवर येणारा दिवा उचलून आत ठेवला. मग त्याच्याजवळ बसली.

"भावजी, कुठं दुखतंय?"

लोकांनी त्याला म्हशीचं विचारलं होतं, पावसाचं विचारलं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं. रवळूच्या दुसऱ्या डोळ्यातूनही पाणी आलं. त्यानं बोट लावलं.

"हितं. डोळ्याच्या मागं. तापल्याली सळई घातल्यावानी."

"माजंबी असंच एका बाजूला असतंय," ती म्हणाली. "टेका आता. घसरत न्हाय." आणि गर्दीकडं वळली. "उठा समदी! मानूस दुखन्यात हाय."

जिचं पोर देवानं वाचवलं तीच सांगते म्हटल्यावर बोलणार कोण? सगळे उठले. भावकू सगळ्यांत शेवटी उठला, आपला नारळ घेऊन.

एवढ्यानं दुखणं गेलं नाही. पुष्कळ वर्षांनी, रवळूचे केस पिकल्यावर, ते आपणहून सुगीला यायचं विसरलं. तोवर मनुबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायची आणि मी पुढून उभा असायचो. माझ्या अंगाला, माणसाच्या कपाळाच्या उंचीवर, एक गुळगुळीत खळगा पडला आहे. हात फिरवून बघा.

यंदा स्वातंत्र्य आलं, शाळेवर झेंडा चढला. मला खालून वाळवी लागलीय. आणि या सुगीत, काल दिवेलागणीला, रवळूचा मुलगा परशराम शेतातून आला तो उजवा डोळा दाबूनच. पाणी एकाच डोळ्यातून. मी ओळखलं. म्हाताऱ्या रवळूनंही ओळखलं. काठी टाकून तो उठला, मुलाला दंडाला धरून माझ्याजवळ आणलं आणि खळग्यावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली.

"कुठं दुखतंय रं, बाळा?"

आता दिवे लावायची वेळ झाली. तुम्ही टेकून बसलात ना, जरा सरका. परशराम येईल. त्याच्यापुढं हात जोडू नका. काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक आहे.