तिने भरलेला डबा

टर्नरने लेथवर रॉकेटच्या इंजिनाचं नॉझल चढवलं होतं आणि टूल नुकतंच पोलादाला टेकवलं होतं, तेवढ्यात मेहुणा शेडच्या दारात येऊन उभा राहिला.

"दाजी, आधी मशीन बंद करा."

"एवढा कट होऊ दे."

"बंद करा म्हणतो ना."

टर्नरने बंद केलं. नॉझल धरून फिरणारा चक पुरता थांबेपर्यंत मेहुण्याने वाट पाहिली. मग म्हणाला, "ताई गेली. बाजारात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं."

रॉकेटचं काम त्यानंतरही चालूच राहिलं. थांबलं असतं तर बरं झालं असतं, असं टर्नरला पुढे वाटायला लागलं. सगळी हौशी मंडळी, वर्गणीवर चाललेली. गणितं मास्तरांची, वायरिंग मेहुण्याचं, लोखंडाचं जे काही ते टर्नरचं आणि छत्री त्याच्या बायकोची. रॉकेटच्या टोकावरची कुपी आकाशात जाऊन परत येणार, ती उतरणार या छत्रीवर. पॅराशूटला छत्री हे नावही तिनेच पाडलेलं. शिवायची तीच, आणि घडी घालून टर्नरने बनवलेल्या डब्यात भरायचीही तीच, तेही दार लावून. कुणी डोकावलं तर म्हणायची, "कुणी बघत असलं की माझा हात चुकतो." तिने भरलेली छत्री कधी उघडली नाही, असं झालं नव्हतं.

आता मेहुणा भरत होता. फुग्याने कुपी वर न्यायची, सोडायची, आणि छत्री अर्धवट बाहेर येऊन चिंधीसारखी लोंबायची. कुपी धाडकन खाली. कापडावर ओरखडे दिसायचे, पण माळावर काटेही काही कमी नव्हते. टर्नर मेहुण्यावर डाफरायचा.

"साधी घडी जमत नाही तुला?"

"ताई करायची तशीच करतोय."

"मग उघडत का नाही?"

"तिलाच विचारा."

बोलून गेल्यावर मेहुणा पक्कड शोधायला लागला. पक्कड त्याच्या हातातच होती.

शेवटी मास्तरांनी विषय काढला. "पैसे देणारी मंडळी पुढची चाचणी बघायला येणार आहेत. तीही आपटली तर शेडला कुलूप. वहिनींनी भरलेला एक डबा तुमच्या घरी आहे ना? तोच लावू."

"तो मिळणार नाही."

"मग उघडून तरी बघू. घडी कळेल."

"एकदा उघडला की गेला तो."

"आणि न उघडता काय करणार दाजी?" मेहुणा म्हणाला. "तिच्या कपड्यांवर ठेवून रोज फडक्याने पुसणार?"

तो रोज पुसत होताच. टर्नर उठून घरी गेला.

दोन-चार दिवस त्याने शेडकडे फिरकून पाहिलं नाही. मग एका सकाळी डबा घेऊन आला आणि टेबलावर ठेवला.

"नीट बघून घे. पुन्हा दाखवता यायचं नाही."

मेहुण्याने झाकण काढलं. डब्याच्या तोंडाशी आतून कापडाची एक पट्टी गोल बसवलेली होती. टर्नरच्याच जुन्या शर्टाची. शिवलेली नाही, चिकटवलेली नाही. मेहुण्याने ओढली तशी अलगद हातात आली.

"हे कधी पाहिलं नव्हतं मी."

"दिसणार कसं," मास्तर म्हणाले. "छत्री सुटली की तिच्याबरोबर उडून जात असणार."

मेहुण्याने एकेक घडी उलगडली. "बघा, माझ्यासारखीच आहे. तंतोतंत," तो जरा जोरातच म्हणाला, आणि मग हातातल्या पट्टीकडे बघत राहिला.

टर्नरने डब्याच्या कडेवरून बोट फिरवलं. अर्ध्यावर ते थांबलं. बोटावर लाल रेघ उमटली होती. तो उठला, फळीवरचे बाकीचे डबे त्याने खाली घेतले आणि एकेकाच्या कडेवरून तेच बोट फिरवलं. प्रत्येक कडेला कापड अडकेल अशीच धार होती.

"सांगायचं होतं तिने मला."

"तुम्हाला कोण सांगणार दाजी? मास्तर एकदा फिनिशिंगबद्दल बोलले, तर महिनाभर त्यांचा चहा बंद केला होता तुम्ही."

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला.

टर्नर लेथकडे गेला. कड घासायचं काम तसं काहीच नव्हतं. डबा चकमध्ये धरायचा, मशीन सुरू करायचं, कानस टेकवायची. पोरासोरांनाही जमेल. त्याने डबा चकमध्ये धरला, कानस घेतली. कड गुळगुळीत झाली की पट्टीचं काम उरणार नव्हतं. मग कानस खाली ठेवली, पट्टीची घडी करून खिशात घातली आणि हात धुवायला गेला.

चाचणीचा दिवस ठरला आहे. मेहुणा छत्री इस्त्री करून वाट बघत बसला आहे. मास्तर येता-जाता लेथकडे बघतात. डबा चकमध्येच आहे. त्याची कड अजून घासायची राहिली आहे.