रोशनीच्या पायातली गाठ

भिकाजी नाखवाला समुद्राबद्दल काही सांगायला जावं आणि त्याने ते मुकाट ऐकून घ्यावं, असं वेसाव्यात कधी झालं नाही. उभा जन्म होडीवर गेला, मग खुबा गेला, ऑपरेशन झालं, हातात काठी आली. मत मात्र होतं तिथेच राहिलं. म्हणून त्याची एकुलती एक मुलगी रोशनी, जी अंधेरीच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायची, ती एके दिवशी कोणाचा तरी वापरलेला सर्फबोर्ड रिक्षाच्या टपावर बांधून घरी घेऊन आली, तेव्हा त्याने तो उलटासुलटा करून नीट पाहिला आणि म्हणाला, "याला ना वल्हं, ना शीड, ना बसायला फली. याच्यावर मानूस करतो काय गो?"

"उभा राहतो, बाबा."

"आनि मग?"

"मग पडतो."

झालं. त्या दिवसापासून घरात जे सुरू झालं ते काही विचारू नका. बाईसाहेब पहाटे माळ्यावर पालथ्या पडायच्या, छातीखाली हात घ्यायच्या आणि एका झटक्यात दोन्ही पायांवर उभ्या राहायच्या. पुन्हा पालथ्या, पुन्हा उभ्या. खाली आई, अंजनाबाई, मासळीची पाटी भरता भरता वर बघून ओरडायची, की बाई, एक दिवस पंख्यासकट माझ्या डोक्यावर येशील. खिडकीच्या गजाला रबराचा पट्टा बांधून रोशनी खांदे ओढायची. लाटेपर्यंत हाताने पाणी कापत जावं लागतं, त्यात खांदा आधी जातो, असं तिला मोबाइलमधल्या कुणा गोऱ्या मास्तराने सांगितलं होतं. "खांदं पायजेत तर जालं ओढ, रबर काय ओढतेस," असं भिकाजी म्हणायचा खरा, पण आतून तो नुसता फुलला होता. एसीत बसून लोण्यासारखे मऊ झालेले पोरीचे हात पुन्हा कोळ्याच्या पोरीचे दिसायला लागले होते. शेवटी रोज सकाळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन तोही किनाऱ्यावर बसायला लागला.

वेसाव्याची लाट ती काय. तिकडे दूर कुठे घराएवढ्या उठतात म्हणे. इथे गुडघ्याएवढी, त्यातही पिशव्या आणि चपला. पण रोशनी आणि मुलुंडहून बाइकवर येणारा तिचा ऑफिसातला दोस्त सुयोग, दोघं त्यातही खूश असायची.

घोटाळा झाला तो पट्ट्यापाशी. बोर्डाला एक लांब दोर असतो आणि त्याच्या टोकाचा पट्टा घोट्याला बांधतात, म्हणजे माणूस पडला तरी बोर्ड पळत नाही. चिकटपट्टीचा पट्टा तो, ओढला की चर्रकन सुटणारा. रोशनीचा जुना होता, वाळूने आणि खाऱ्या पाण्याने त्याची पकड गेली होती. ती पडली की पट्टा सुटायचा, बोर्ड एकटाच किनाऱ्याला यायचा आणि ही मागून धापा टाकत पोहत यायची. नवा मागवते म्हणाली. भिकाजीला ते ऐकवेना. ज्याने वादळात होडी सुटू दिली नाही, त्याच्या पोरीच्या पायातून बोर्ड सुटतो म्हणजे काय?

"आन पाय इकरं," तो म्हणाला.

तिने पाय त्याच्या गुडघ्यावर ठेवला. त्याने पट्ट्यावरून जाळ्याचा नायलॉनचा धागा फिरवला, दुहेरी वेढा घातला आणि होडी बांधायची गाठ मारली, ओली झाली की आणखी आवळणारी. त्या दिवशी बोर्ड सुटला नाही. परत आल्यावर ती गाठ काढायला त्याला जाळ्याची सुई खुपसावी लागली. मग रोजचंच झालं ते. जाताना पाय बापाच्या गुडघ्यावर, येताना पाय बापाच्या गुडघ्यावर. किनाऱ्यावरची माणसं हसायची, आणि भिकाजीला त्या हसण्याचाही अभिमान वाटायचा.

मे संपत आला. पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारायच्या आधीचे दिवस ते, काही अजून पाण्यात नांगरून होत्या, काहींच्या जागी नांगराच्या दोरीला बांधलेले नुसते बोये तरंगत होते. लाट एकदम मोठी झाली होती आणि रोशनी हरखून गेली होती.

"आज वारा वाकडा हाय," भिकाजी म्हणाला.

"चार दिवस राहिलेत रे. पावसाळ्यात तू जाऊ देणार आहेस का?"

त्याला नाही म्हणता आलं नाही. त्याने नेहमीपेक्षा एक वेढा जास्त घातला, एवढंच केलं.

ती आणि सुयोग, दोघं आत गेली. थोड्या वेळाने एक मोठी लाट फुटली आणि दोघंही पडली. सुयोगचा पट्टा सुटला, त्याचा बोर्ड भलतीकडे गेला आणि तो गडबडा लोळत, पाणी पीत, छातीभर पाण्यात येऊन उभा राहिला. रोशनी मात्र होती तिथेच राहिली. आधी भिकाजीला कळेना, की लाट तिच्यावरून जाते आणि ही पुढे का सरकत नाही. मग त्याला बोया दिसला. तिच्या पायातला दोर बोयाच्या दोरीला वेढा घालून बसला होता. पाय खाली ताणलेला, बोर्डाचं टोक वर, आणि ती त्या टोकाला धरून लोंबकळत होती. प्रत्येक लाट गेली की ती वाकून पायाकडे हात नेत होती. पट्टा ओढत होती.

तिचा हात खाली गेला आणि भिकाजी खुर्ची लोटून उठला. जाळं पाण्यात सोडताना दोर पायात आला तर माणूस जाळ्याबरोबर तळाला जातो, म्हणून होडीवर येणाऱ्या प्रत्येक पोराला त्याने पहिल्या दिवशी कमरेला सुरी लावायला शिकवली होती. त्याच्या स्वतःच्या कमरेला ती आत्ताही होती. हे सगळं माहीत असलेल्या माणसाने होडी बांधावी तशी पोर बांधली होती. आता तो धागा ओढून सुटणार नव्हता. जितकी ती ओढेल तितका तो आवळणार होता, आणि भरती अजून चढायची होती.

"पाय! नंदू, तिचा पाय!" पलीकडे होडीवर असलेल्या कोळ्याला हाक मारत तो पाण्यात शिरला. गुडघाभर पाण्यात खुब्याने दगा दिला, काठी वाहून गेली, आणि भिकाजी नाखवा, ज्याच्या नावाने पोरं समुद्राला भीत नसत, तो लहान मुलासारखा पाण्यात बसला. उठता येईना. बसल्या बसल्या तो नुसता बघत होता. ती दिसायची, लाट यायची, ती दिसायची नाही. त्या वेळी त्याने कुठल्या देवाला काय कबूल केलं ते त्याचं त्याला ठाऊक.

पलीकडे होडी ओढायच्या तयारीत असलेल्या नंदूने त्याची हाक ऐकली. त्याने होडी तिच्याकडे घातली, रोशनीला दंडाला धरून वर घेतलं, बोया आत ओढला आणि दोराचा वेढा काढला. पोर वाचली. घोट्याभोवती कातडं सोलून निघालं होतं, पोटात पाणी गेलं होतं, डॉक्टरांनी एक रात्र ठेवून घेतलं आणि घरी सोडलं.

खरी वाट लागली ती यानंतर. कारण सगळ्या कोळीवाड्याने ठरवून टाकलं, की बापाच्या गाठीने पोरीला वाचवलं. नंदू नाक्यावर सांगत सुटला, की बोर्ड पायाला राहिला म्हणून ती तरंगत राहिली, नाहीतर सापडली नसती. अंजनाबाई बाजारात मासळी कापता कापता गिऱ्हाइकांना तेच सांगायची आणि डोळे पुसायची.

"गाठीनं वाचवली नाय, गाठीनं अडकवली," भिकाजी म्हणाला. एकदा नाही, येईल त्याला म्हणाला. लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे. नाखवा स्वतःचं कौतुक कधी करत नाही, असं म्हणायचे.

सुयोग भेटायला आला तो स्वतःचा पट्टा घेऊनच. "काका, मलाही तसंच बांधून द्या ना."

"अरे, तुझा सुटला म्हनून तू बाहेर आलास ना? अकलेचं खोबरं झालं काय तुझ्या?"

"माझं नशीब होतं, काका. दर वेळी थोडंच असतं?"

भिकाजीने कपाळावर हात मारला. मग तो रोशनीकडे वळला. तिला तरी कळलं असणार. तिचाच पाय होता तो.

"तू ओढत होतीस. मी बघितलं गो. सुटला असता तर सुयोगसारखी बाहेर आली असतीस."

"ओढत होते ना. घाबरले होते मी," रोशनी म्हणाली. "सुटला असता तर बोर्ड टाकून वेड्यासारखी पोहत सुटले असते, कुठेही. बोर्ड सोडायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात, बाबा. माझं डोकं विसरलं, तुझी गाठ नाही विसरली." आणि तिने त्याचा हात हातात घेतला.

पावसाळाभर तो आपल्या परीने लढला. सुयोगच्या मागे लागून त्याने चांगला नवा पट्टा मागवला. रोशनी म्हणाली, असल्याच पट्ट्याने सुयोगचा बोर्ड गेला होता. त्याने स्वतःची सुरी पुढे केली; ती हसली, म्हणाली, सुरी घेऊन लाटेवर उभी राहू होय, मलाच लागेल. जाऊच नको म्हणाला, तर महिनाभर माळ्यावर खांदे ओढणारी पोर इतकी उदास दिसायला लागली, की त्यालाच बघवेना.

नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवळला, आणि एका सकाळी किनाऱ्यावर रोशनीने नवा पट्टा घोट्याला बसवून पाय त्याच्या गुडघ्यावर ठेवला. घोट्याभोवतीचं नवं कातडं अजून गुलाबी होतं.

"बांध."

भिकाजीने धागा घेतला. दुहेरी वेढा घातला, आणि शेवटी टोक असं दुमडलं की बोटाने ओढलं तरी सगळं सुटावं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मुद्दाम खोटी गाठ मारली. वरून ती हुबेहूब दिसत होती.

पण कोळ्याची पोर ती. तिने सवयीने बोट घालून ओढून बघितलं. धागा गळून वाळूत पडला.

ती वाकली, धागा उचलला, बापाच्या दोन्ही हातांकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "हात थकले रे तुझे."

मग ती त्याच्या पायाशी वाळूत बसली आणि तिने स्वतः बांधायला घेतलं. दुहेरी वेढा, त्यावर एक जास्तीचा, टोक खालून आत, आणि मग ओठ दाबून आवळणं. लहान असताना होडीत मांडीवर बसवून, तिच्या इवल्या बोटांवर आपली बोटं ठेवून त्यानेच तिला ते शिकवलं होतं. कुठे चुकेल म्हणून तो बघत राहिला. ती कुठेच चुकली नाही.

"बघ, पक्की आहे का," तिने पाय पुढे केला.

त्याने बोट घातलं आणि जेवढी ताकद उरली होती तेवढी लावून ओढलं. गाठ तसूभर हलली नाही.

"पक्की हाय," भिकाजी म्हणाला.

तिने बोर्ड काखेत घेतला आणि ती पाण्याकडे निघाली.