तुळशीचा उपास

काकासाहेबांच्या मळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. घनसावंगीपासून मळा फार लांब नाही, पण एप्रिलचं ऊन असं की सावलीनेही सावली शोधावी. तरी जीपगाड्या टपावर माणसं घेऊन येत होत्या. बायका डोक्यावर पदर ओढून, म्हातारे काठी टेकत, पोरं कोणाच्या तरी खांद्यावर. सगळ्यांचे डोळे विहिरीशेजारच्या नव्या सिमेंटच्या वृंदावनावर खिळले होते. त्यातली तुळस म्हणे आपल्या आपण पाणी पीत होती.

ही १९९६ सालची गोष्ट. ओलेश्वर महाराज महिन्यापूर्वी शहागडच्या बाजूने आले. काकासाहेब सरळ मनाचे बागायतदार. त्यांनी जागा दिली, सिमेंट दिलं. महाराजांनी वृंदावन स्वतःच्या हाताने, भोवती पडदा लावून बांधलं.

"ओल तिथं बोल, बोल तिथं मोल," महाराज त्रिशूळ उंचावून सांगत होते. "माउली तहानली की भागीरथी धावते. झारी लागत नाही, घागर लागत नाही, लागतो तो भाव. शंका घेणाऱ्याच्या अंगणात नळ आला तरी पाणी येणार नाही."

हे शेवटचं वाक्य घनसावंगीत भाविकांच्या नळांनाही तितकंच लागू होतं, पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

महाराजांनी त्रिशुळाच्या टोकाने तुळशीच्या बुंध्याभोवतीची माती हलकेच उकरली, डोळे मिटले. थोड्याच वेळात मुळाशी बुडबुड झाली आणि पाणी वर आलं. गर्दीचे हात जोडले गेले. माती भिजली तसं पाणी थांबलं. महाराजांनी चिखलाच्या गोळ्या करून वाटायला सुरुवात केली. साखर, दमा, सांधेदुखी, सगळ्यांवर एकच माती.

गर्दीत कौसल्या उभी होती. ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिने हात जोडले नव्हते, कारण पाणी येण्याच्या क्षणभर आधी तिला एक आवाज ऐकू आला होता. वृंदावनाच्या पोटातून आलेला. टक्.

तो आवाज ती ओळखत होती. उन्हाळ्याच्या सुटीत शाळेतली रोपं दरवर्षी वाळून जायची, म्हणून तिने घरी एक जुळणी करायला घेतली होती. कुंडीत दोन खिळे, सेल, ट्रान्झिस्टर, एक छोटा रिले, म्हणजे विजेने आपोआप चालू-बंद होणारं बटण, आणि कूलरचा पंप. पंप घरातल्या कूलरचाच काढलेला, त्यामुळे तिचा नवरा संपत दुपारभर वर्तमानपत्राने वारा घेत बसायचा. माती कोरडी झाली की रिले वाजायचा, टक्, आणि पंप सुरू व्हायचा. महिनाभर घरात दुसरा आवाज नव्हता.

ती मळ्यात आली होती सासूसाठी. सगुणाबाईंना साखरेचा आजार, पायाच्या अंगठ्याला जखम. डॉक्टरांनी बजावलं होतं की गोळ्या चुकल्या आणि जखम चिघळली तर अंगठा काढावा लागेल. आणि त्या जखमेवर सगुणाबाई महाराजांची माती थापत होत्या.

"आत्याबाई, गोळी घेतली का?" घरी आल्यावर कौसल्याने विचारलं.

"महाराज म्हणले, गोळी आन् माती एका देहात नांदत न्हाईत."

"त्या वृंदावनात माझ्यासारखीच जुळणी आहे. मी आवाज ऐकला."

"तुझ्या खिळ्यांवर तुझा इश्वास, माझ्या तुळशीवर माझा," सगुणाबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

कौसल्याने पाणी गरम करून जखम धुवायला घेतली, तर त्यांनी पाय आखडून घेतला. अंगठ्याचा रंग तिला बरा दिसला नाही. चिडून उपयोग नव्हता आणि गप्प बसायला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई मळ्यातून लवकर परतल्या, रिकाम्या हातांनी.

"आज माती भेटली न्हाई. तुळशीला परत उपास होता. महाराजांनी लई त्रिशूळ फिरवला, मंग म्हणले, माउली आज निर्जळी करून राह्यली."

कौसल्या भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. "मळ्यात लाइट होती का?"

"सकाळपासून गेल्ती. उसाला पाणी देणारे गडी समदे झाडाखाली बसल्ते."

"आणि मागच्या वेळी तुळशीने उपास केला तेव्हा?"

सगुणाबाईंच्या तोंडातली सुपारी थांबली. त्या भाविक होत्या, पण अख्खं घर चालवलेली बाई; दूध ओतताना नुसत्या धारेवरून त्यात पाणी किती ते सांगायच्या. त्यांनी बोटांवर दिवस मोजले.

"तवा बी न्हवती," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हंजे गंगामाईला बी लाइट लागती का गं?"

संध्याकाळी दोघी काकासाहेबांच्या ओसरीवर गेल्या. काकासाहेबांना ऐकून राग आला.

"बाई, माझ्या मळ्यात मी लोकांची फसवणूक होऊ देईन का?"

"नाही देणार, म्हणून तर तुमच्याकडे आले," कौसल्या म्हणाली. "तुम्हालाच कोणी फसवलं असेल, तर ते तुम्हीच तपासून बघा. माझं चुकलं तर मी सगळ्यांसमोर महाराजांच्या पाया पडेन."

"तपासायचं कसं?"

"तुमी फकस्त हिरीवरच्या मोटारीच्या खोलीत बसा," सगुणाबाई म्हणाल्या. "भाईर मी काय बोलते ते ऐका, तसं बटण वर-खाली करा."

लाइट आली त्या दिवशी मळा पुन्हा भरला. महाराजांनी माती उकरली, पाणी आलं. तेवढ्यात सगुणाबाई लंगडत पुढे झाल्या.

"महाराज, गंगामाईशी मी बी एक बोल बोलू का?"

"बोला, माउली. भाव शुद्ध असेल तर ऐकेल."

सगुणाबाईंनी पदर सावरला. "गंगामाई, थांब."

पाणी थांबलं. महाराजांच्या कपाळाला आठी पडली.

"ये गं."

पाणी आलं.

"थांब. जरा दम खा."

पाणी थांबलं. गर्दीत कुजबुज झाली. एक बाई पुढे आली आणि सगुणाबाईंच्या पायावर वाकली. सगुणाबाईंनी घाईने पाय मागे घेतला.

"माझे पाय नको धरू, अंगठा ठणकून राह्यला. पाया पडायचं तर त्या खोलीतल्या बटणाच्या पड."

खोलीतून काकासाहेब बाहेर आले. हातात बटणाशेजारचा काढलेला फ्यूज होता, चेहरा उतरला होता. "महाराज, तुमची भागीरथी माझ्या हातात आहे," ते म्हणाले. "आता वृंदावनाची मागची फरशी काढा."

महाराज शंकेखोरांना लागणाऱ्या शापाबद्दल काही बोलू लागले, पण गडी फरशी उचकटतही होते. आत प्लास्टिकचा पिंप, त्यात कूलरचा पंप, एक नळी, एक डबी, आणि तुळशीच्या मातीत शिरलेल्या दोन तारा. मोटारीच्या खोलीतून निघालेली वायर जमिनीखालून तिथवर आणलेली होती.

कौसल्याने घरून आणलेली आपली जुळणी शेजारी मांडली आणि पंप त्याच वायरला जोडला. कुंडीऐवजी मुद्दाम फुटकी बादली, आणि बादलीत बांधावरून उपटून आणलेलं गाजरगवत. काकासाहेबांनी फ्यूज लावला. तिने चमच्याने माती उकरली. टक्. गाजरगवताच्या मुळाशी पाणी बुडबुडलं. ज्या गवताला अख्खा तालुका शिव्या घालतो, त्याच्यासाठी गंगा धावलेली पाहून लोक हसू लागले. मग हसणं आवरेना.

"ओल्या मातीतून वीज वाट काढते," कौसल्या म्हणाली. "दोन खिळ्यांमधून सेलची बारीकशी वीज जाते, तोवर डबीतलं लोहचुंबक बटण धरून ठेवतं. माती वाळली, किंवा त्रिशुळाने भुसभुशीत केली, की वाट तुटते. चुंबक बटण सोडतं, टक् वाजतं, पंप सुरू होतो. माती भिजली की बंद. यात लपवण्यासारखं काही नाही. मिरचीच्या रोपांना लावा, रोपं जगतील."

महाराज खाली मान घालून बसले. पूर्वी कूलर दुरुस्त करायचो, एवढंच बोलले.

कोणीतरी म्हणालं, जाऊ द्या, पाणीच तर दाखवलं.

"पाण्याचं मी सोडून देईन," कौसल्या म्हणाली. "आजारी माणसांना गोळ्या बंद करायला लावल्या, ते सोडणार नाही."

काकासाहेबांनी स्वतःच्या जीपमध्ये बसवून महाराजांना पोलीस ठाण्यात नेलं. कौसल्याने सासूला सरळ दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम धुताना आत अडकलेली माती काढली, सगुणाबाईंनी दात-ओठ खाऊन सोसलं. जखम बरी व्हायला पावसाळा उजाडला, पण अंगठा वाचला.

नंतर बायका ओट्यावर येऊन विचारायच्या, "सगुणामावशी, तुमचा देवावरचा भाव उडाला का वं?"

"कशाला उडंल? तुळशीला रोज पाणी घालते, तांब्यानं. गोळी बी घेते. दोन्ही बराबर नांदत्यात," सगुणाबाई सांगायच्या. "पर कुठं चमत्कार दिसला, तर हात जोडायची जल्दी करू नका बायांनो. आधी मागच्या बाजूनं एक चक्कर मारून या. देव असंल, तर थांबंल तेवढा येळ."