बजेटातली माया

मास्तरांच्या दुकानात पँट घालून बघायची सोय होती. अडचण एवढीच, की ती सगळ्या रस्त्याला दिसायची. दुकान अरुंद. कापड बेतायचं टेबल, दोन मशिनं आणि इस्त्री एवढ्यातच त्याचं पोट भरलेलं. उरल्या कोपऱ्यात एक पडदा. पडद्याआड उभं राहता येई, वाकता येत नसे, आणि न वाकता पँट चढवण्याची विद्या अजून कुणाला साधलेली नाही. शाळेचे हेडमास्तर वाकले ते पडद्यासकट थेट रस्त्यावर आले. एक पाय पँटीत, एक मोकळा, आणि समोर त्यांच्याच शाळेतल्या मुली. त्याही अवस्थेत ते "रांगेत चला" म्हणाले, हा त्यांचा मोठेपणा. पुढे मात्र ते कपडे दुसरीकडे शिवू लागले.

हेडमास्तर गेल्याचं मास्तरांच्या बायकोला फारसं वाटलं नाही. तिचं दुखणं वेगळं होतं. दुकानात बायकांचे कपडे ती शिवायची आणि खरं सांगायचं तर दुकान त्याच्यावरच चाललेलं होतं. हे खरं मास्तर सोडून सगळे सांगत. बायका कापड घेऊन यायच्या, "घालून कुठे बघायचं?" विचारायच्या, पडद्याकडे बघायच्या आणि कापड पिशवीत परत कोंबायच्या.

अशात शेजारचा किल्लीवाला दुकान बंद करून मुलाकडे राहायला निघाला. मधे एक भिंत, पलीकडे रिकामा गाळा. मालकीणबाई म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत तुमच्यासाठी थांबते. मोबाईलची कव्हरं विकणारा एकजण रोज येऊन शटरला हात लावून जातोय."

"ऐकलंत?" बायको म्हणाली. "तो गाळा घ्यायचा. दाराची, कडीची ट्रायल रूम करायची. नाही जमलं तर मी माझं मशीन घरी नेते आणि वेगळं दुकान मांडते. तुम्ही बसा काकांबरोबर, हेडमास्तरांची वाट बघत."

काका म्हणजे मास्तरांचे चुलते. पुतण्याच्या हातात कात्री यांनीच दिली. आता ते काजं करायचे, बटणं लावायचे आणि उरलेल्या वेळात मत द्यायचे. "अरे, ती बोलते तशी करते," हे त्यांचं त्या दिवशीचं मत.

मास्तरांना घाम फुटला. बायको वेगळी झाली, तर आपल्या दुकानात आपण, काका आणि पडदा एवढंच उरेल, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं.

कर्ज काढायचं ठरलं. कर्जाला बजेट लागतं, म्हणून मेव्हण्याला बोलावलं. मेव्हणा सल्लागार होता. धंदा वाढवण्याचे सल्ले द्यायला एकच भांडवल लागतं, स्वतःचा धंदा नसणं. आणि ते त्याच्यापाशी भरपूर होतं.

"भाऊजी, ग्रोथ आधी कागदावर व्हावी लागते."

"मग कागदावरच राहू दे की. भाडं तरी वाचेल."

"ताई, यांना सांग गं."

"तू लिही रे. त्यांचं चालूच असतं."

खर्चाचा पहिला अंदाज बायकोने काढला: डिपॉझिट, भिंतीला दार, ट्रायल रूम, आरसा, दिवे, नवं मशीन, दोरा, बटणं. तो काकांनी नजरेखालून घातला. मग मास्तरांनी तपासला. शेवटी मेव्हण्याने तो लॅपटॉपवर चढवून त्याला रंगीत चौकोन आणि वर जाणारा बाण काढून दिला. बाण बघून काका म्हणाले, "छान आहे. पण हा छताला लागतोय."

बँकेतल्या कर्जवाल्या मॅडम मास्तरांच्या बायकोच्याच गिऱ्हाईक. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"पावणेदहा लाख? मास्तर, गाळा घेताय की गल्ली?"

"गाळाच. भाड्याने."

"आणि ही बटणं? एवढ्यात तर एक पलटण उभी राहील. तिच्या कोटांसकट." त्यांनी कागद परत सरकवला. "तुमची उलाढाल बघता साडेचारच्या वर मला देता येणार नाही. सोमवारी नीट आकडे आणा. आणि माझ्या कोटाचं काय झालं? की त्याच्यासाठीही वेगळं कर्ज काढताय?"

रांगेतले लोक हसले. मास्तरांचे कान तापले. आजवर त्यांच्या मापाला कुणी हसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी अर्धं शटर ओढून चौघे टेबलाभोवती बसले. मास्तरांनी कागदावर बोट ठेवलं.

"आरसा एवढ्याला? हा आरसा आहे की तळं?"

"मी विचारून आले तेव्हा एवढा नव्हता," बायको म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे, मी थोडी माया ठेवली होती."

शिवणकामात माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. माणूस सुटला की कपडा उसवून तेवढा सैल करता येतो. शिंपी श्वास घेणं विसरेल, पण माया ठेवणं विसरणार नाही.

"थोडी म्हणजे?"

"पावपट."

"चांगलं केलंस," काका म्हणाले. "पण तू ठेवलीस हे मला काय माहीत? मीही पावपट ठेवली."

"काका!"

"अरे, नव्या पोरींचा हात कंजूष असतो."

नवी पोर म्हणजे मास्तरांची बायको. तिच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती. तिने काकांकडे बघितलं. काकांनी सुईत दोरा ओवायला घेतला.

मास्तर टेबलावरची खडूची धूळ उगाचच झटकू लागले होते. बायकोच्या ते लक्षात आलं. "आणि तुम्ही?"

"मी काय, जरा... हात आपोआप जातो तिकडे."

"किती?"

"पावपटच."

तिघांनी मेव्हण्याकडे पाहिलं. तो ताठ बसला. "हे बघा, मी शिंपी नाही. मी फक्त कंटिंजन्सी धरली. जगभर धरतात."

"किती धरतात?"

"पंचवीस टक्के."

काकांनी विचारलं, "म्हणजे पावपटच ना रे?"

झालं होतं असं, की चार लाखांच्या कामाला चौघांनी एकमेकांपासून लपवून माया ठेवली होती, आणि तीही आधीच्याच्या मायेवर. पँट कमरेला बत्तीस हवी असताना चौघांनी मिळून तंबू शिवला होता.

उसवायला वेळ लागला नाही. आकडा चारावर आला. मेव्हणा म्हणाला, "बँक साडेचार देतेय. वरचे पन्नास हजार अडीअडचणीला राहू देत."

"एक दमडी नाही," मास्तर कडाडले. "भर बँकेत माझ्या मापाची शोभा झाली. आता सगळं अंगाबरोबर. कागदावरही आणि कामातही."

"अहो, थोडी तरी ठेवा."

"नाही म्हणजे नाही!"

कर्ज चार लाखांचं झालं. मॅडमनी सही केली आणि "आता कसं मापात बसलं" म्हणाल्या. मास्तर ते वाक्य आठवडाभर अंगावर घालून हिंडले.

गवंडी आला. बेतायचं टेबल नव्या गाळ्यात न्यायचं आणि इकडे रिकाम्या झालेल्या जागेत ट्रायल रूम बांधायची, असा बेत होता. टेबल जाड लाकडाचं, मास्तरांच्या वडिलांचं, आणि दुकानाचं शटर बसायच्या आधीपासून आतच असलेलं. ते बाहेर काढून फिरवून आणणं शक्य नव्हतं. मधल्या भिंतीतूनच न्यायचं. मास्तरांनी टेप लावून टेबलाची रुंदी घेतली आणि गवंड्याला सांगितली.

"दार एवढंच?" गवंड्याने विचारलं. "थोडं जास्त धरू का?"

"एक सूत नाही. माप म्हणजे माप."

गवंड्याने खांदे उडवले आणि सांगितल्याबरहुकूम विटा फोडल्या. मग तुटलेल्या विटांना त्याने, कुठलाही गवंडी करतो तसा, दोन्ही बाजूंनी गिलावा केला.

गिलाव्याची जाडी मास्तरांनी धरली नव्हती.

टेबल ढकललं. ओला गिलावा खरवडत ते निम्मं गेलं आणि पाचरीसारखं ठोकून बसलं. पुढे जाईना, मागे येईना.

"आधी आडवं करून घ्यायचं होतं," मेव्हणा म्हणाला. "पाय पुढे काढून."

"माझ्या वडिलांचं टेबल आडवं होणार नाही."

"वडील झालेच ना आडवे शेवटी," काका म्हणाले.

गवंड्याने हिशेब सांगितला: दार पुन्हा फोडणं, पुन्हा गिलावा, पुन्हा मजुरी. मेव्हण्याने लॅपटॉप उघडला, बजेट बघितलं आणि हळूच मिटला. त्यात कुठेही काही उसवायला नव्हतं. आणखी पैसे मागायला मॅडमच्या समोर उभं राहायचं तर मास्तरांनी त्याआधी टेबल खाल्लं असतं.

"सगळ्या जगाच्या कपड्यात ठेवली," बायको म्हणाली, "आणि ठेवायची होती तिथे नाही."

मास्तरांनी टेप गुंडाळून खिशात घातली. मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बायकोने पदर खोचल्यासारख्या बाह्या वर सारल्या. तिने ट्रायल रूम नव्या गाळ्यातच बांधायला लावली, स्वतःचं मशीन रस्त्याने फिरवून तिथे नेलं आणि वेगळं शटर वर केलं. टेबल दोन्हीकडून कापड बेतायला झालं: निम्मं तिचं, निम्मं मास्तरांचं. ती वेगळं दुकान मांडते म्हणाली होती, ते तिने मांडलं. फक्त घरी नाही, हाताच्या अंतरावर. "कात्री द्या" म्हटलं की मास्तर टेबलावरून सरकवत.

पहिल्याच दिवशी मॅडम कोट घालून बघायला आल्या, आत गेल्या, कडी लावली, वाकल्या, सरळ झाल्या आणि बाहेर आल्या त्या तीन नवे कपडे शिवायला टाकूनच. त्यांच्यामागे त्यांच्या दोघी मैत्रिणी होत्या.

मापाच्या नोंदीसाठी मास्तरांना पलीकडे बोलावणं आलं. रस्त्याने वळसा घालायचा तर आपल्याच बायकोच्या दुकानात गिऱ्हाइकासारखं शिरावं लागणार. ते त्यांना मानवेना. म्हणून ते टेबलाखालून रांगत निघाले. मधोमध पोचले आणि एक आवाज आला. शिंप्याला तो आवाज ओळखायला बघावं लागत नाही.

पलीकडे त्यांचं फक्त डोकं निघालं. समोर मॅडम, मॅडमच्या मैत्रिणी आणि बायको.

"कुठे उसवलं?" बायकोने विचारलं.

"मागे. मधल्या शिवणीत."

"माया आहे ना आत?"

"आहे," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले. "भरपूर."

"मग झालं." तिने ट्रायल रूमचं दार उघडून धरलं. "जा आत. पँट काढून द्या. आणि कडी लावा."

मास्तर आत गेले. कडी लावली. जरा भीतभीतच वाकले.

कुठेच पडले नाहीत.