तळ न दिसणारा ग्लास

मी एक जुना, काळाकुट्ट वाइनचा ग्लास आहे. हसू नका मित्रांनो, मी जळालेलो नाही. ज्या भट्टीतून माझी भावंडं पाण्यासारखी नितळ निघाली, तिथेच कारागिराने माझ्या काचेत मुद्दाम काळा रंग कालवला. का? तर माणसांचे डोळे लबाड असतात. तांबडा रंग दिसला की नाकाला न विचारताच "वा, काय काळी द्राक्षं आहेत!" म्हणून मोकळे होतात. माझ्यात मात्र काय ओतलंय ते दिसतच नाही. हुंगायचं, चाखायचं आणि द्राक्षाची जात सांगायची.

वाइनच्या कारखान्यात मागच्या बाजूला चाखायची खोली होती. तिथल्या मुख्य चाखणाऱ्यांना सगळे 'नाकसाहेब' म्हणत. मला निवडलं त्यांनीच. माझ्यात नाक खुपसायचे, डोळे मिटायचे आणि पोरीला शिकवायचे.

"ठमे, हे बघ. कापलेलं गवत आणि पेरू आला, की सोव्हिन्यॉ ब्लां. काळी मिरी टोचली, की शिराझ. आलुबुखार आणि मऊ घोट, तर मर्लो. ढोबळी मिरची, तासलेली पेन्सिल आणि हिरड्या आवळल्या, की समज कॅबर्ने आली."

"आणि ही हो बाबा? हिला तर रॉकेलचा वास येतोय. प्यायची का स्टोव्हमध्ये ओतायची?"

"ती रिस्लिंग. मुरली की येतो तिला तसा वास. स्टोव्ह पेटवू नकोस, मालक रडेल!"

काय दिवस होते! पाहुणे यायचे, टाळ्या वाजायच्या. एका बड्या पाहुण्याने तर मला बराच वेळ हुंगून "ओलं चामडं, जुनी कपाटं, दूरवरचा धूर" असं सांगितलं. तोवर माझ्यात कुणी काही ओतलंच नव्हतं.

मग नाकसाहेबांना ताप आला. ताप उतरला, खोकला गेला, जाताना नाक घेऊन गेला. जीभ राहिली. पण जीभ म्हणजे मोठ्या भोकांची चाळणी. आंबट, गोड, कडू, तुरट एवढं वर राहतं. पेरू, मिरी, पेन्सिल सगळं गळून जातं.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नितळ ग्लासात रंग बघायचे, घोट घ्यायचे आणि बाकीचं ठोकून द्यायचे. माझ्यापुढे ती थाप चालली नसती. म्हणून मला रुमालात गुंडाळून घरी आणलं आणि कारखान्यात सांगितलं, "काळा ग्लास फुटला." जिवंतपणी फुटलेला मी पहिलाच असेन.

घरात माझी रया गेली, मित्रांनो. आधी माझ्यात दात घासायचे ब्रश उभे केले. मग काकू, म्हणजे नाकसाहेबांची बायको, माझ्यातून लिंबू पिळलेला गार कोरा चहा पिऊ लागल्या. तळ दिसत नाही म्हणून धुणारीलाही मी चकाचकच वाटायचो.

एके दिवशी मालक घरी आले. हातात बाटली, मागे ठमी. ती आता कारखान्यात बापाच्याच चाखायच्या खोलीत काम करायची.

"नाकसाहेब, स्पष्ट बोलतो. मागे तुम्ही पास केलेला माल परत आलाय. गिऱ्हाईक म्हणतं, भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. तुम्हाला कसा नाही आला?"

"मालक, गिऱ्हाइकाला काय कळतंय!"

"मग आज माझ्यासमोर चाखा. जात बरोबर सांगितलीत, तर खुर्ची तुमचीच." तेवढ्यात त्यांची नजर फळीवर गेली. "अहो, हा काळा ग्लास तर फुटला होता ना?"

"फुटला?" काकू म्हणाल्या. "मी तर रोज त्यातूनच पिते!"

नाकसाहेब भिंतीकडे बघत बसले.

ठमीने मला फळीवरून उचललं आणि धुवायला निघाली. तेवढ्यात मालकांनी बाटलीचं बूच अर्ध्यावर मोडलं. "अगं, धर जरा!" म्हणून ओरडले. तिने मला तसंच बापापुढे टेबलावर ठेवलं आणि बाटलीकडे धावली. दोघंही पाठमोरी, बुचाशी झटापट करत होती.

नाकसाहेबांनी नजर वळवली, तर मी समोर. त्यांना वाटलं, ओतली. मला उचललं, गोल फिरवलं, नाक पार आत खुपसलं. पूर्वी माझ्या काचेवर त्यांचा श्वास थबकायचा. आज तो नुसता आला आणि गेला. मग घोट घेतला. आंबट लागला. हिरड्या आवळल्या. त्यांचा चेहरा उजळला.

"कॅबर्ने!" ते खणखणीत आवाजात म्हणाले. "ढोबळी मिरची. मागे जराशी पेन्सिल. फक्कड उतरलीय मालक, बिनधास्त पास करा!"

मालक वळले. त्यांच्या हातातल्या बाटलीत अर्धं बूच तसंच अडकलेलं होतं.

"अहो," काकू म्हणाल्या, "तो माझा सकाळचा चहा आहे."

कुणीही हसलं नाही. मालकांनी बाटली हळूच खाली ठेवली आणि चपला शोधू लागले.

"कधीपासून, बाबा?"

"तापापासून."

काकू खुर्चीत बसल्या. "जेवताना एक अक्षर बोलत नव्हतात. मला वाटलं, माझ्या हाताची चव गेली. रोज काहीतरी बदलून बघत होते."

खुर्ची ठमीला मिळाली. काही दिवस ती संध्याकाळी घरी वाइन आणायची, माझ्यात ओतायची, म्हणायची, "डोळे मिटा बाबा. पेरू आठवतोय?" ते म्हणायचे, "आठवतोय गं. येत नाही." मग तिनेच आणणं सोडलं.

माझ्यात पुन्हा ब्रश आलेत. मित्रांनो, माझ्यासारखा ग्लास तुमच्या घरी असला, तर तळ दिसत नाही म्हणून धुवायचा सोडू नका. आणि ताटावर बसून गप्प झालेलं माणूस असलं, तर स्वयंपाक बदलण्याआधी त्याला एकदा विचारा. आमच्याकडे उशीर झाला.

अजूनही घरात कुणी नसलं की नाकसाहेब ब्रश बाजूला काढतात. मला गोल फिरवतात, डोळे मिटतात, नाक आत खुपसतात. मी रिकामा असतो. पाहून ते कळायचं नाही, मला बनवलंच तसं. हुंगून कळलं असतं.

ते वाट बघत राहतात.